पुलापासून उलटं मोजलेली माघार: सेंट व्हिथचा एक डाव

पार्श्वभूमी

हा डाव दोन मित्रांनी ईमेलवरून खेळला. हेक्सच्या, म्हणजे षटकोनी घरांच्या, नकाशावर आळीपाळीनं चाली करायच्या, आपली चाल संपली की सेव्ह फाइल समोरच्याला धाडायची, अशा जातीचा कॉम्प्युटर वॉरगेम. दोघांची नावं वगळली आहेत. अमेरिकन बाजू खेळणाऱ्याला आपण कोल्हापूरकर म्हणू आणि जर्मन बाजूच्याला ठाणेकर. डाव संपल्यावर दोघांनी पासवर्ड देऊन टाकले, म्हणून दोन्ही बाजूंचे रिप्ले शेजारी ठेवून पाहता आले. पिछाडीच्या लढाईचा, म्हणजे मागे हटताना शत्रूला अडवत राहण्याचा, अभ्यास एका बाजूच्या रिप्लेवरून करण्यात अर्थ नसतो. आपण वेळ किती खाल्ला, हे समोरच्याच्या पडद्यावरच दिसतं.

प्रसंग डिसेंबर १९४४ चा, बेल्जियमच्या आर्डेन्समधला. १६ तारखेला जर्मन हल्ला सुरू झाला. श्ने आयफेलच्या टेकड्यांवर अमेरिकेच्या १०६व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या ४२२ आणि ४२३ या दोन रेजिमेंट वेढ्यात सापडल्या आणि १९ तारखेला शरण गेल्या. त्यांच्या पिछाडीला सेंट व्हिथ. गाव लहानच, पण त्या डोंगराळ जंगलातले रस्ते आणि रेल्वेमार्ग तिथं येऊन मिळतात. जर्मन वेळापत्रकाप्रमाणे ते १७ तारखेला हातात यायला हवं होतं. प्रत्यक्षात २१ च्या रात्री आलं. मधले चार दिवस अमेरिकेच्या ७व्या आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजननं खाल्ले. तिच्या जोडीला ९व्या आर्मर्डची एक कॉम्बॅट कमांड (रणगाडे आणि पायदळ यांची मिश्र तुकडी), १०६व्या डिव्हिजनची उरलेली ४२४वी रेजिमेंट आणि २८व्या डिव्हिजनपासून तुटून आलेली ११२वी रेजिमेंट होती. गावासमोरची लढाई ब्रिगेडियर जनरल ब्रूस क्लार्क यांनी चालवली. ते रोज थोडी जमीन सोडत गेले आणि २३ तारखेला बहुतेक सैन्य साल्म नदीपलीकडे गेलं.

खेळातला प्रसंग १७ च्या सकाळी सुरू होतो आणि २३ च्या रात्री संपतो. दिवसाला सकाळ, दुपार, रात्र असे तीन टर्न, एकूण २१. प्रत्येक टर्नला आधी जर्मन चाल, मग अमेरिकन. कोल्हापूरकराकडे बटालियनच्या आकाराची २५ युनिट्स होती, त्यांत पाच तोफखान्याची. गुणांचा हिशेब असा: सेंट व्हिथ ताब्यात असेल त्या प्रत्येक टर्नला अमेरिकेला १० गुण, साल्म ओलांडून पश्चिमेला सुखरूप गेलेल्या प्रत्येक युनिटला ८. शेवटपर्यंत एक तरी जर्मन युनिट नदीपलीकडे पोचलं, तर ठाणेकराला एकरकमी ४०.

या खेळाचे तीन नियम समजले नाहीत तर पुढचं काहीच समजणार नाही.

पहिला. युनिट एकतर रस्त्यावर रांगेत चालतं, नाहीतर लढाईसाठी पसरतं. एकातून दुसऱ्यात जायला अर्ध्या टर्नची चाल खर्च होते. जर्मन रांग तुमच्यावर येऊन आदळली की तिला पसरावं लागतं. तुम्ही उठून गेलात की तिला पुन्हा रांग धरावी लागते.

दुसरा. हल्ला दोन प्रकारचा. धावता हल्ला लगेच करता येतो, पण खंदक खणून बसलेल्यांसमोर तो बहुधा आपटतो. तयारीचा हल्ला जबर असतो, पण त्यासाठी एक अख्खा टर्न जागेवर बसून राहावं लागतं.

तिसरा. शत्रूला चिकटलेल्या युनिटनं पाय सोडवला की शत्रूला एक फुकटचा वार मिळतो. मागे एखादं युनिट आडोशाला ठेवलं, किंवा रात्री निघालात, तर तो वार टळतो.

प्रश्न काय होता

वरवर पाहिलं तर प्रश्न सोपा: सेंट व्हिथ किती काळ धरायचं? कोल्हापूरकरानंही तो तसाच मांडला होता. माझ्या मते खरा प्रश्न गावापासून पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवर, नदीकाठी होता.

साल्मवर दोन पूल वापरात. व्हिएलसाल्मच्या पुलावरून एका टर्नला चार युनिट्स जातात, दक्षिणेकडच्या साल्मशातोच्या पुलावरून तीन. म्हणजे सगळं शिस्तीत झालं तर टर्नला सात. चिखल असल्यानं रणगाडे आणि तोफा रस्ता सोडून हलू शकत नाहीत. सेंट व्हिथहून रोट आणि पोतो या गावांवरून व्हिएलसाल्मला जाणारा एक धड रस्ता, आणि दक्षिणेला क्रोंबाख, कोमान्स्टेर, बेहो या बाजूनं काही गावरस्ते. इतकीच सोय.

रस्त्याचं हे दुखणं इतिहासातलंच आहे. १७ डिसेंबरला ७वी आर्मर्ड डिव्हिजन याच पोतोच्या रस्त्यानं पूर्वेकडे येत होती, तेव्हा समोरून पळत येणाऱ्या गाड्यांनी आणि तोफांनी रस्ता असा तुंबला होता की शेवटचे काही किलोमीटर कापायला तिला तासन् तास लागले. जर्मनांची गत वेगळी नव्हती. शोनबर्गकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचीही कोंडी झाली. आणि गाव हातात आल्यावर त्याच गावात त्यांच्या गाड्या अशा अडकल्या की २२ तारखेला पाठलागाचा जोर ओसरला. या लढाईत दोन्ही बाजूंनी गोळ्यांइतकाच मार वाहतुकीचा खाल्ला. प्रसंग बनवणाऱ्यानं पुलांना टर्नची मर्यादा घातली ती हे ओळखूनच.

मग उलटं मोजायचं. ठाणेकराला ते ४० गुण मिळू द्यायचे नसतील तर शेवटची अमेरिकन तुकडी २०व्या टर्नला पलीकडे हवी आणि त्याच टर्नला पूल उडायला हवा. वीस-बावीस युनिट्सना चार टर्न लागणार, म्हणजे पहिली खेप १७व्या टर्नला पुलावर हवी. शेवटची खेप १८व्या टर्नला पाय सोडवेल, १९व्याला चालेल, २०व्याला ओलांडेल. तोवर जर्मनांना अडवायला गाव आणि नदी यांच्यामध्ये दोन फळ्या लागतील: एक रोट ते क्रोंबाख, दुसरी पोतो ते बेहो. प्रत्येक फळीनं तीन टर्न काढायचे. या हिशेबात गाव सोडायची वेळ १२व्या टर्नची रात्र निघते, म्हणजे २० डिसेंबरची. हा आकडा मी नंतर बसून काढलेला आहे हे खरं, पण त्यासाठी लागणारी सगळी माहिती पहिल्या टर्नलाच पडद्यावर होती.

सुरुवातीचे टर्न

पहिले नऊ टर्न कोल्हापूरकर फार सुंदर खेळला.

गावाच्या पूर्वेला प्रूमरबर्गचं टेकाड आहे. प्रत्यक्ष लढाईत तिथं १६८ आणि ८१ या दोन इंजिनिअर बटालियनचे लोक पायदळासारखे खंदकात बसले होते. त्यानंही त्यांनाच बसवलं. आग्नेयेला श्टाइनेब्रुक इथला उर नदीवरचा पूल तिसऱ्या टर्नला उडवला. उत्तरेला रेश्ट आणि पोतोकडे घोडदळाची म्हणजे हलक्या गाड्यांची, नुसती नजर ठेवणारी पातळ फळी पसरली. रणगाड्यांच्या बटालियन मागे झाकून ठेवल्या.

ठाणेकराची १८वी फोल्क्सग्रेनेडिअर (पायदळाची) डिव्हिजन रांगेतच टेकाडावर येऊन धडकली, पसरली आणि तिनं धावता हल्ला केला. तो आपटला. पाचव्या टर्नला त्यानं तोफा पुढे आणल्या आणि पायदळ जागेवर बसवलं. तयारीचा हल्ला येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कोल्हापूरकरानं त्याच टर्नला आपली पुढची युनिट्स एक हेक्स मागे घेतली, मधे फक्त एक तुकडी आडोशाला ठेवली आणि तिलाही शेवटच्या चालीत काढून घेतलं. सहाव्या टर्नला जर्मन तोफखान्याचा सगळा मारा रिकाम्या जंगलावर पडला. दारूगोळा संपला, वेळ गेला, मेलं कोणीच नाही.

आठव्या-नवव्या टर्नला पुन्हा हेच झालं. ठाणेकराचा त्या वेळचा मेल मोठा बोलका आहे: "अरे, तू लढणार आहेस की नुसता लपाछपी खेळणार आहेस?" उत्तर एका ओळीचं होतं: "तुझी घाई आहे, माझी नाही."

पिछाडीच्या लढाईची हातोटी तीच आहे. शत्रूला तयारीचा पूर्ण खर्च करायला लावायचं आणि माल पोचण्याच्या आत दुकान बंद करायचं. एक टर्न लवकर निघालात तर त्याचा तयारीचा टर्न वाचतो, म्हणजे तुम्ही त्याला जमीन फुकट दिलीत. एक टर्न उशीर केलात तर तुम्ही त्या हल्ल्याखाली सापडता. कोल्हापूरकराला ही घडी दोनदा अचूक साधली. आघाडीवर अशी घडी साधणारा माणूस पुलाच्या बाबतीत इतका गाफील कसा राहिला, हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

उत्तरेला त्यानं एक हूलही दिली. रोटजवळ रणगाड्यांची एकच बटालियन दिवसा शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात आणायची, रात्री मागे न्यायची आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या हेक्समध्ये दाखवायची. ठाणेकराच्या रिप्लेत त्याच्या गुप्त वार्तेच्या पट्टीवर तिथं दोन रणगाडा बटालियन दिसतात. त्या धसक्यानं त्यानं फ्युरर बेग्लाइट ब्रिगेड हे आपलं सर्वांत तगडं युनिट दोन टर्न बांधून ठेवलं. एका बटालियननं एक गोळीही न झाडता मिळवलेले हे दोन टर्न अख्ख्या डावातली सर्वांत स्वस्त कमाई.

बाराव्या टर्नची रात्र

ठाणेकर तिसऱ्यांदा फसणारा नव्हता. बाराव्या टर्नला त्यानं अर्ध्या फौजेनं तयारीचा हल्ला केला आणि उरलेली अर्धी मुद्दाम रांगेत उभी ठेवली. पहिला भाग अपेक्षेप्रमाणे रिकाम्या हेक्सवर पडला. पण दुसरा भाग तसाच रस्त्यानं पुढे सुटला आणि नुकत्याच मागे येऊन अजून धड खंदकही न खणलेल्या दोन युनिट्सवर येऊन पडला. दोन्ही गेली. त्याच चालीत फ्युरर बेग्लाइट ब्रिगेड गावाच्या उत्तरेनं निघाली. तिचा रोख सरळ रोटवर, म्हणजे व्हिएलसाल्मच्या रस्त्यावर होता.

कोल्हापूरकराची १२व्या टर्नची चाल बाकी होती. २३ युनिट्स शिल्लक. त्यानं चार पर्याय कागदावर लिहून काढले होते आणि तो कागद मला दाखवला.

पहिला, गाव धरून ठेवायचं. घरांच्या आडोशात संरक्षण मजबूत, टर्नला १० गुण.

दुसरा, त्याच रात्री सगळं रोट ते क्रोंबाख फळीवर घ्यायचं. अंधार असल्यानं फुकटचा वार बसणार नव्हता.

तिसरा, राखीव रणगाडे घेऊन ब्रिगेडवर उलटा हल्ला करायचा आणि रोटचा रस्ता मोकळा ठेवायचा. त्यात बाजी मारली तर दोन दिवस मिळाले असते. हरला असता तर मागे घालायला काहीच उरलं नसतं.

चौथा, नदीच्या पूर्वेलाच चहूबाजूंनी गोल मोर्चा बांधून बसायचं. ही कल्पना खेळाडूच्या डोक्यातली नाही. १८व्या एअरबोर्न कोअरचे मेजर जनरल मॅथ्यू रिजवे यांना खरोखरच तसं वाटत होतं. जागेवरच्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. ७व्या आर्मर्डचे हॅसब्रूक यांनी स्पष्ट कळवलं की लवकर बाहेर काढलं नाही तर डिव्हिजन उरणार नाही. शेवटी त्या भागातल्या फौजांचे वरिष्ठ, ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी माघारीचा कौल दिला. खेळातही हा पर्याय पोकळ होता. गोलाच्या आत रसद येण्याची वाट तेच दोन पूल.

त्यानं पहिला पर्याय निवडला, थोडा तिसरा मिसळून: गाव धरायचं आणि अर्धे राखीव रणगाडे रोटला पाठवायचे.

कारण विचारल्यावर त्यानं गुणांचं गणित सांगितलं. पण कागदाच्या कोपऱ्यात त्यानंच 'घोडखिंड' असं लिहून ठेवलं होतं. मराठी खेळाडूच्या डोक्यात पिछाडीची लढाई म्हटली की १६६० सालची ती खिंड उभी राहते, त्यात नवल नाही. विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत बाजीप्रभू जागा सोडत नाहीत, ही गोष्ट ऐकतच आपण मोठे होतो. पण त्या लढाईचा हिशेब वेगळा होता. तिथं मागे एकच माणूस गडावर पोचवायचा होता आणि खिंडीतल्या लोकांनी परत यायचं नाही, हे जवळपास ठरलेलं होतं. त्यांच्या मागे दुसरी खिंड अडवायची नव्हती. सेंट व्हिथच्या फौजेला मात्र गावानंतर रोट, रोटनंतर पोतो, पोतोनंतर साल्म लढवायची होती, आणि सगळीकडे तीच माणसं लागणार होती. गाव सोडायला त्याचा हात धजावला नाही, तो या आठवणीमुळे, असं मला वाटतं. तो स्वतः हे मानत नाही.

पुढे काय झालं

१३व्या टर्नला गाव टिकलं. १४व्यालाही टिकलं, पण तीन बाजूंनी तयारीचा हल्ला झाला आणि रोट पडलं. तिथं पाठवलेले अर्धे राखीव रणगाडे रोट वाचवायला अपुरे पडले आणि गावालाही त्यांचा उपयोग झाला नाही. १५व्या टर्नला, म्हणजे २१ च्या रात्री, गाव पडलं. तारीख इतिहासाशी जुळली हा योगायोग. गावाच्या पूर्वेकडची तीन युनिट्स कापली गेली: ३८वी आर्मर्ड इन्फंट्री आणि त्या दोन इंजिनिअर बटालियन. हेही इतिहासाच्या वळणावरच गेलं. प्रत्यक्षातही गावाच्या पूर्वेला अडकलेल्यांपैकी बरेचसे कैद झाले.

उरली २०. सोळाव्या टर्नला त्यानं सगळ्यांना एकदम निघायला सांगितलं, आणि इथून पुढचा रिप्ले पाहवत नाही. सतराव्या टर्नला व्हिएलसाल्मच्या पुलाशी अकरा युनिट्स येऊन थांबली. चार गेली. साल्मशातोचा पूल त्या टर्नला रिकामा पडून होता, कारण दक्षिणेकडच्या युनिट्सना कंप्युटरनं आपोआप सुचवलेली वाटही पोतोवरूनच जाणारी होती आणि त्यानं ती हातानं बदलली नाही. सात युनिट्स रस्त्यावर रांगेत उभी राहिली. रांगेतल्या युनिटला संरक्षण जवळपास शून्य. जर्मन तोफांचा मारा त्यांच्यावर पडत राहिला.

अठराव्या टर्नला पोतो पडलं. रस्ता कापला गेला. पोतोच्या पश्चिमेला असलेल्यांपैकी आणखी चार पुलावरून निसटली. पण कोमान्स्टेर आणि बेहोकडच्या नऊ युनिट्सचा चांगला रस्ता गेला आणि रानात गुडघाभर चिखल.

इथं नशीब आडवं आलं, ते त्याच्या बाजूनं. २२-२३ च्या रात्री आर्डेन्समध्ये खरोखर कडाक्याची थंडी पडून जमीन गोठली होती आणि अमेरिकन गाड्या त्यामुळेच रानवाटांनी निघू शकल्या. दोघाही खेळाडूंना हे ठाऊक होतं. प्रसंग बनवणाऱ्यानं मात्र गोठणं पक्कं ठेवलं नव्हतं. १८व्या टर्नपासून दर टर्नला त्याची काही शक्यता, एवढंच. अठराव्याला ते झालं नाही, एकोणिसाव्याला झालं. कोमान्स्टेरची युनिट्स रानातून नदीकडे सरकली. त्या टर्नला दोन्ही पुलांवरून मिळून सहा युनिट्स पार झाली.

पण गोठलेली जमीन जर्मन रणगाड्यांनाही तेवढीच टणक लागते. विसाव्या टर्नला ठाणेकर दक्षिणेकडून साल्मशातोवर उतरला आणि तो पूल बंद झाला. व्हिएलसाल्मवरून शेवटची दोन गेली. ११२व्या रेजिमेंटच्या दोन बटालियन, ४२४वीची एक आणि ८१४वी टँक डिस्ट्रॉयर बटालियन अशी चार युनिट्स पूर्व काठावर राहिली. प्रत्यक्षातही साल्मशातोला अशीच शेवटची रांग, टास्क फोर्स जोन्स, दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडली होती. तिच्यातले काही लोक निसटले, गाड्या मात्र बऱ्याच गेल्या.

राहिला पूल उडवणं. हे काम फक्त इंजिनिअर युनिट करतं. एक टर्न आधी सुरुंग लावून ठेवले तर यशाची शक्यता जवळपास खात्रीची, ऐनवेळी केलं तर ४० टक्के. तीनपैकी दोन इंजिनिअर बटालियन सेंट व्हिथच्या पूर्वेला संपल्या होत्या. तिसरी, ३३वी, १८व्या टर्नलाच गर्दीबरोबर पूल ओलांडून पश्चिमेला निघून गेली होती, कारण ती फक्त एक 'वाचवायचं युनिट' म्हणून मोजली गेली. विसाव्या टर्नला तिला परत बोलावलं. प्रयत्न फसला. एकविसाव्याच्या पहिल्या चालीत एक जर्मन बटालियन पुलावरून पलीकडे गेली आणि ठाणेकराच्या खात्यात ४० गुण पडले.

निकाल

२५ पैकी १६ युनिट्स नदीपार. खेळानं बरोबरी जाहीर केली. पूल उडाला असता तर अमेरिकन विजय होता.

ठाणेकराच्या मते तो हरला, कारण त्याला साल्मवर पोचायला शेवटचा टर्न लागला आणि त्या एका बटालियनच्या मागे ना इंधन होतं ना तोफा. या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे. अडवणूक म्हणून हा डाव यशस्वी आहे. फौज परत आणण्याच्या दृष्टीनं तो निम्मा फसला.

वेगळं काय करता आलं असतं

डाव ज्यांनी पाहिला त्यांचं बोट बाराव्या टर्नवर पडतं: गाव दोन टर्न जास्त धरलं तिथं सगळं बिनसलं. गुणांत पाहिलं तर ते बरोबरच आहे. दोन टर्नचे २० गुण मिळाले आणि गावाच्या पूर्वेला कापली गेलेली तीन युनिट्स म्हणजे २४ गुण गेले. पण फरक फक्त चार गुणांचा आहे. एवढ्यानं डाव फिरत नाही.

माझं बोट त्याआधी, सहाव्या ते नवव्या टर्नवर पडतं. प्रूमरबर्गवर पहिल्या दिवशी इंजिनिअर बसवणं भागच होतं, दुसरं कोणी पोचलंच नव्हतं. क्लार्क यांचीही तीच अडचण होती. पण सहाव्या टर्नला रणगाडे आणि आर्मर्ड इन्फंट्री येऊन पोचली होती, हल्ला रिकाम्या जंगलावर पडला होता आणि आघाडी एक टर्न शांत होती. तेव्हाच दोन्ही नाही तरी एक इंजिनिअर बटालियन बदलून थेट व्हिएलसाल्मला पाठवता आली असती. तिला तिथं चार-पाच दिवस काहीच काम नसतं. पडद्यावर हिरवं, ताजंतवानं, निकामी बसलेलं युनिट दिसलं की खेळाडूला ते पुढे ओढायचा मोह होतोच. तो आवरायला हवा होता. आर्डेन्सच्याच लढाईत १८ डिसेंबरला त्र्वा-पाँ इथले पूल इंजिनिअरांनी एसएस या नाझी फौजेचा अधिकारी पायपर याचे रणगाडे नजरेच्या टप्प्यात आले असताना उडवले आणि एसएसच्या त्या अख्ख्या रांगेला वाट बदलावी लागली. ते जमलं कारण इंजिनिअर आणि त्यांचे सुरुंग आधीपासून पुलावर होते.

दुसरी गोष्ट वाटा ठरवण्याची. दक्षिणेकडच्या दोन्ही रेजिमेंटना दहाव्या टर्नलाच सांगून ठेवायला हवं होतं की तुमचा पूल साल्मशातोचा, पोतोच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. कंप्युटर सर्वांत जवळची वाट सुचवतो. पुढे किती रांग लागली आहे, ते तो बघत नाही. आणि पुलाशी एका वेळी सातच युनिट्स यावीत म्हणून बाकीच्यांनी मागे पसरून लढत राहणं हीच खरी पिछाडी. उभ्या रांगेतल्या सात युनिट्सपैकी चार पोतोला पसरून बसली असती तर अठराव्या टर्नला पोतो पडलं नसतं. पुलाशी उभं राहून त्यांनी पुलाचाच रस्ता घालवला.

तोफखान्याबद्दल दोघांत मतभेद आहेत. कोल्हापूरकरानं पाचही तोफखाना युनिट्स शेवटपर्यंत गावाच्या टप्प्यात ठेवली आणि मग सगळी एकदम काढली, त्यामुळे सोळाव्या-सतराव्या टर्नला एकही तोफ डागत नव्हती. ठाणेकराचं म्हणणं असं की तेवढ्याच वेळात त्यानं पोतोपर्यंतचा रस्ता न थांबता कापला. दोन मागे, तीन पुढे, मग आलटून पालटून, असं केलं असतं तर एक टर्न वाचला असता असं त्याला वाटतं. कोल्हापूरकर म्हणतो की मग तेरावा टर्न गावात निघालाच नसता. रिप्ले पाहून मला ठाणेकर बरोबर वाटतो, पण तेराव्या टर्नचे फासे इतके काठावरचे होते की छातीठोकपणे सांगता येत नाही.

जमीन गोठण्याबाबत मात्र शंका नाही. कोल्हापूरकरानं ती गृहीत धरली होती, कारण १९४४ मध्ये ती त्या रात्री गोठली होती. प्रसंगाच्या सूचनेत शक्यता लिहिलेली असताना त्यानं इतिहासावर पैसे लावले. आणखी एक टर्न थंडी लांबली असती तर १६ च्या जागी दहा-अकरा युनिट्स पोचली असती आणि बरोबरीही हुकली असती.

आता ते बाजू बदलून हाच प्रसंग पुन्हा खेळत आहेत. ठाणेकरानं अमेरिकन बाजूनं पहिल्या टर्नला ३३वी इंजिनिअर बटालियन व्हिएलसाल्मच्या पुलावर ठेवली आणि तिला सुरुंग लावायचा हुकूम दिला. अजून ती हललेली नाही. कोल्हापूरकर रेश्टच्या बाजूनं सातव्या टर्नलाच पोतोपासून दोन हेक्सवर आला आहे, आणि तिथं अडवायला ठाणेकराकडे एक बटालियन कमी पडते आहे.